चाळीस पावलं आणि चिंधा मुकादम

आमच्या शेजाऱ्यांनी मोटार घेतली आहे. फाटकापासून घराच्या पायरीपर्यंत तिला यायला वाट करायची, म्हणून ते परवा माझ्याकडे सल्ला विचारायला आले. मी निवृत्त ओव्हरसियर. निवृत्त ओव्हरसियरला फी द्यावी लागत नाही, चहासुद्धा त्याच्याच घरचा मिळतो. ते म्हणाले, "वरच्या वर खडी पसरली आणि रूळ फिरवला की झालं ना?"

मी विचारलं, "खाली माती कसली आहे?"

"काळी," ते म्हणाले. "उन्हाळ्यात बघाल तर दगडासारखी घट्ट आहे."

हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. ऐकलं कसलं, मीच उच्चारलं होतं, शहादे तालुक्यात, एका मुकादमाच्या तोंडावर, आणि तेही चांगलं ठासून. शेजाऱ्यांना मी सांगितलं की दोन हात खणा, नाहीतर मोटार विका. ते जरा रागावूनच गेले. त्यांना बाकीचं सांगत बसलो नाही. ते इथे सांगतो.

पश्चिम खानदेशात माझी नेमणूक झाली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. पुण्याहून परीक्षा पास होऊन आलेला, डोक्यावर सोला टोपी, खिशात पोलादी टेप, आणि नोकरी अजून कायम व्हायची. कळसाडीपासून कोस-दीड कोसावर एका गावी नवा दवाखाना बांधून तयार होता. जागा गावच्या पाटलांनी आपल्या आईच्या नावानं दान दिली होती. दान देताना माणूस रस्त्याकडेची जमीन देत नाही, ही गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. दवाखाना सडकेपासून दोन फर्लांग आत, काळ्याभोर कपाशीच्या रानात उभा होता. पावसाळ्यात तिथे पोचायचं तर रोग्याला आधी दोन फर्लांग पोहता आलं पाहिजे, असं लोक म्हणत. ती वाट पक्की करायचं काम माझ्या गळ्यात आलं, आणि माझ्या हाताखाली मुकादम म्हणून आला चिंधा.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो मुरमाच्या ढिगाशी उकिडवा बसून काहीतरी खात होता. पन्नाशीचा, सुकलेल्या शेंगेसारखा माणूस, अंगात बंडी, वहाणा काखेत. वहाणा काखेत का, तर नव्या कामावर तो कधी पायताण घालून चढत नसे. जवळ गेलो तर गृहस्थ मुरूमच खात होता. चिमूटभर जिभेवर घ्यायचा, दाताखाली करकर वाजवायचा, थुंकायचा.

"रावसाहेब, हाऊ मुरूम नही, माटी शे," तो म्हणाला. "दातले चिकटस. चाखी देखा."

आता वरिष्ठानं माती चाखायची म्हणजे काय! पण सगळे मजूर बघत होते, आणि मला ज्ञानात कमी पडायचं नव्हतं. मी ढिगाच्या दुसऱ्या बाजूनं चांगली चिमूट उचलली, तोंडात टाकली, डोळे मिटून चघळली आणि निकाल दिला की मुरूम उत्तम आहे.  चिंधानं त्या बाजूला रात्रभर बांधलेल्या बैलजोडीकडे एकदा पाहिलं, आणि माझ्यासाठी पाणी मागवलं. ही हकिकत त्यानं कुणाला सांगितली नाही. सांगायला पाहिजे होती. मुकादमाचं ऐकावं एवढी अक्कल मला तेव्हाच आली असती.

त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. माझ्या टेपेऐवजी त्याच्याकडे एक वेळूची काठी होती, तिच्यावर चाकूनं खाचा पाडलेल्या. एक खाच दगडाच्या थराची, एक खडीची, एक मुरमाची. मजुरांना तो शिवी देत नसे, दगडांना देई. दगड रुंद बाजू खाली करून बसवायचा आणि फटींत चिपा ठोकायच्या, हा त्याचा धर्म. कुणी निमुळती बाजू खाली करून दगड लावला की तो पायानं हलवून बघायचा. हलला, की म्हणायचा, "हाऊ जावई शे, काढा त्याले." मान मिळेल तोवर बसलेला, भार पडला की डुगडुगणारा, असा त्याचा हिशेब. रस्त्याला तो जनावर समजायचा. त्याला पोट असतं, पाठ असते. पाठ मधे उंच पाहिजे, म्हणजे पाणी दोन्हीकडच्या चरांत उतरतं. ज्याच्या पाठीवर पाणी थांबलं तो रस्ता मेला.

मजूर बहुतेक डोंगरातले, सातपुड्यातून दिवाळीनंतर खाली उतरणारे पावरा लोक. बायका खडी फोडायच्या आणि पाट्या वाहायच्या. चिंधा त्यांच्याशी त्यांच्या बोलीत मोडकंतोडकं बोले, आणि ते त्याच्या बोलण्याला हसत. माझ्याशी ते बोलतच नसत. त्यालाही कारण होतं.

चैत्रात एके दिवशी माझ्या लक्षात आलं की खडी कमी भरते आहे. सकाळी टाकलेला थर मी संध्याकाळी मोजला तर तो दोन बोटं खाली गेलेला. दुसऱ्या दिवशी तेच. मी काढला तो निष्कर्ष असा, की मजूर खडी चोरतात. त्या उन्हात, डोक्यावरून, आठ कोस डोंगर चढून ते खडी घरी नेऊन तिचं काय करणार होते, हा प्रश्न मला पडला नाही. मी एक पहारेकरी बसवला, आणि सगळ्यांना उभं करून बायकांच्या पाट्या तपासल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर एकही माणूस नव्हता. सगळे उठून गेले होते.

चिंधानं मला हाताला धरून, म्हणजे खरोखर मनगट धरून, कामाच्या कडेला नेलं. खडी टाकायची बाकी होती तिथे जमिनीला भेगा पडल्या होत्या. काळ्या रानात उन्हाळ्यात पडतात तशा, हात जाईल एवढ्या रुंद. त्यानं आपली वेळूची काठी एका भेगेत सोडली. ती गेली ती गेलीच. वर बोटभर टोक उरलं.

"चोर सापडी गया, रावसाहेब," तो म्हणाला. "पायखालेच शे."

माझी खडी त्या भेगा गिळत होत्या. मी हसलो, कारण हसण्यावारी नेण्याखेरीज इलाज नव्हता. तो हसला नाही. त्याच दुपारी तो डोंगराच्या वाटेला लागला, आणि तिसऱ्या दिवशी माणसं घेऊन आला. तिथे त्यानं काय केलं ते मला पुढे कळलं. माझ्या वतीनं त्यानं त्यांच्या म्हाताऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं होतं. मी मात्र त्यांना एक शब्द बोललो नाही. साहेबानं मजुराची माफी मागायची रीत मला कुणी शिकवली नव्हती, अशी मी स्वतःची समजूत घातली.

चोरीचा संशय माणसाच्या अंगात ढेकणासारखा राहतो. थोड्याच दिवसांत पाटलांच्या कारभाऱ्यानं माझ्या कानात सांगितलं की चिंधानं आपल्या घरापुढे पक्की वाट केली आहे, दगडाची, अगदी तुमच्या रस्त्यासारखी. मी टेप घेऊन निघालो. चिंधाचं घर गावाच्या कडेला, एका खोलीचं. गल्लीपासून उंबऱ्यापर्यंत सहा-सात पावलांचं अंतर, आणि तेवढ्यात खरोखरच वाट केलेली. मधे पाठ उंच, दोन्हीकडे वीतभर चर, वर मुरूम बसवून धुम्मसानं ठोकलेला. बैलगाडी थेट दारात उभी राहील अशी.

दगड कुठून आणलेस, असं मी दरडावून विचारलं. त्यानं नदीकडे बोट दाखवलं. गोल, गुळगुळीत, नदीतले दगड होते ते, आमच्या खाणीतला एकही नव्हता. तीन महिने रोज कामावरून परतताना डोक्यावर दोन-दोन आणले होते त्यानं. मी उगीच टेप काढून लांबीरुंदी मोजली. काहीतरी तपासायला आलो होतो, तर तपासलं पाहिजे ना. तेवढ्यात आतून त्याची मुलगी गुळाचा चहा ठेवून गेली. तिला दिवस गेलेले होते. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

ही गोजर. प्रकाशा गावी दिलेली, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आणलेली. सात पावलांची ती वाट तिच्यासाठी होती.

"पह्यले काई माटी काढी टाका," चिंधा चराकडेच्या काळ्या मातीकडे बोट करून सांगू लागला. माझ्यासारख्या पास झालेल्या माणसाला तो शिकवत होता, पण अशा सुरात की जणू मलाच ठाऊक असलेलं मला आठवण करून देतो आहे. "दोन हात. खाले पिवया मुरूम लागस तोपावत. मंग तठे मुरूम भरा, पानी मारा, ठोका. मंग दगड. मंग खडी. मंग बारीक. एक थर बसी गया की दुसरा. घाई कराले नही."

मी म्हणालो, एवढ्या खटाटोपाची जरुरी काय? जमीन दगडासारखी घट्ट तर आहे.

त्यानं चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "गोजरनी माय याच माटीम्हा गई. गाडी फसनी. मी बैल हाकत ऱ्हायनू, अन् ती मांगे गई."

मागे वळून बघेपर्यंत सगळं संपलं होतं, एवढंच त्यानं पुढे सांगितलं. मूल जगलं. तेच आता चूल फुंकत होतं. तेव्हा दवाखानाही नव्हता. आता दवाखाना होता, डॉक्टर होता, आणि मधे होते माझे दोन फर्लांग. आषाढात गोजरचे दिवस भरणार होते.

एवढं सगळं मला ठाऊक होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. पुढे मी जे केलं ते अडाणीपणानं केलं असं कुणी म्हणू नये, मीसुद्धा.

वैशाखाच्या मध्यावर वरून हुकूम आला की मोठे साहेब पंधरा दिवसांनी दौऱ्यावर येत आहेत, आणि त्यांच्या मोटारीनं रस्त्याचं उद्घाटन होईल. काम अजून सडकेच्या टोकाशीच रेंगाळत होतं. चिंधा सांगेल तसं दोन हात खणत गेलो तर पावसाळ्यापर्यंत जेमतेम पाव रस्ता झाला असता. मी आकडेमोड केली आणि ठरवलं, खणायचं नाहीच. सरळ काळ्या जमिनीवर दगड पसरायचे, वर खडी, वर मुरूम, आणि रूळ. दोन फर्लांग, एका दमात.

चिंधा त्या दिवशी माझ्या मुक्कामावर आला. तो कधी येत नसे. पायरीवर बसला आणि आपल्या काठीनं धुळीत एक रेघ ओढली. हा दवाखाना, ही सडक, आणि मधे इथे, लिंबाच्या झाडापाशी, खोलगट भाग. दोन्ही शेतांचं पाणी तिथे जमा होतं.

"रावसाहेब, बठ्ठा रस्ता नका करू," तो म्हणाला. "मधला चाळीस पावलं करा. दोन हात खंदीसन. बाकीनी माटी ऱ्हाऊ द्या."

"आणि साहेबांना काय दाखवू? चाळीस पावलं?"

"बाकी ठिकाने बैल कसाबी निघी जाई. तठे निघाव नही."

त्याच्या दृष्टीनं हे इतकं सरळ होतं. मलाही ते समजत होतं. पंधरा दिवसांत तेवढी चाळीस पावलं नक्की झाली असती. पण दोन बाजूंनी कच्ची माती आणि मधेच चाळीस पावलांचा पक्का रस्ता, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढे आलं. सडकेवर मोटारीत बसलेले साहेब, बाजूला पाटील, आणि मी सांगतोय की साहेब, रस्ता मधे आहे. नोकरी कायम व्हायची होती. वर्षभरापूर्वी लग्न झालेलं होतं. मी त्याला म्हणालो, "ओव्हरसियर तू आहेस की मी?"

त्यानं पायानं धुळीतली रेघ पुसली आणि उठला. दुसऱ्या दिवसापासून मी सांगेन तसं त्यानं काम केलं. अगदी मन लावून केलं. दगड रुंद बाजू खाली करूनच लावले, एकही डुगडुगू दिला नाही. खाली पाया नसलेल्या कामावर त्यानं एवढी मेहनत का घेतली, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, तेवढंच त्याच्या हातात उरलं होतं.

उद्घाटन झकास झालं. रस्ता कसा, तर पोळ्याच्या बैलाच्या पाठीसारखा, तांबूस मुरमाचा, दोन्हीकडे चुन्याचे ठिपके. मोटार गेली आणि आली. साहेबांनी माझा हात हातात घेतला, पाटलांनी मला हार घातला, आणि तो हार मी बायकोला दाखवायला शहाद्यापर्यंत गळ्यातच ठेवला. हारातले मुंगळे बंडीत शिरले होते. तेवढ्या एका बाबतीत मला माझ्या कर्माचं फळ ताबडतोब मिळालं. चिंधा शेताच्या बांधावर उभा होता, वहाणा काखेत. मोटार लिंबापाशी आली तेव्हा त्यानं तोंड फिरवलं.

आषाढात चार दिवस झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी गोजरला कळा सुरू झाल्या. मी तिथे नव्हतो. मी शहाद्यात खिडकीशी बसून कांदाभजी खात होतो आणि पाऊस बघत होतो. पुढचं दवाखान्याच्या कंपाउंडरकडून ऐकलं.

चिंधानं गाडी दारात, त्या सात पावलांच्या वाटेवर लावली. चाक तसूभर रुतलं नाही. सडकेपर्यंत गाडी ठीक आली, आणि माझ्या रस्त्यावरही निम्म्यापर्यंत ठीक आली. लिंबापाशी काळी माती फुगून वर आली होती, आणि माझे दगड खाली गेले होते. वर मुरमाची तांबडी साय तेवढी दिसत होती. बैलांनी तिच्यावर पाय टाकला आणि चाक आखाच्या दांड्यापर्यंत खाली गेलं. नुसता चिखल असता तर चार माणसांनी खांदा देऊन चाक काढलं असतं. कंपाउंडर म्हणाला, तिथे चाक दगडांच्या मधे अडकलं. चिंधानंच घट्ट बसवलेले दगड. त्यांनी ते चाक जबड्यात धरावं तसं धरून ठेवलं. शेतातले लोक धावले, पहारी आणल्या. ओढता ओढता आख मोडला. पोरीला उचलून न्यायचं म्हटलं तर तिला हात लावू देववेना.

डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवर उभा दिसत होता, आणि त्यालाही गाडी दिसत होती. तो अनवाणी चिखलातून निघाला, दोनदा पडला, आणि पोचला तेव्हा मूल गाडीतच झालं होतं. ते रडलं नाही. गोजरला झोळीत घालून नेलं. ती वाचली. पुढे मूल व्हायचं नाही, असं डॉक्टरनं सांगितलं.

बैल हाकायला दुसरा माणूस होता. चिंधा ह्या वेळी मागे, पोरीपाशी बसून होता, असंही कंपाउंडर म्हणाला. का कोण जाणे, त्यानं ते मुद्दाम सांगितलं.

तीन दिवसांनी पाऊस थांबला आणि मी तिथे गेलो. जाताना वाटेत मी चार प्रकारची भाषणं तयार केली होती. तो अंगावर येईल, गावकरी मारतील, असंही वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. चिंधा गुडघाभर चिखलात उभा होता. चिखलातून एक-एक दगड उपसून काढत होता, हातानं पुसत होता आणि कडेला रचत होता. मला बघून त्यानं नेहमीसारखा रामराम केला.

माझी चारही भाषणं घशात राहिली. मी म्हणालो, "हे काय करतोस, चिंधाआप्पा?" आप्पा मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालो.

"दगड वाया जावाले नको, रावसाहेब. चांगला दगड शेतस."

 एक दगड उचलून त्याच्या हाती द्यावा असं मनात आलं होतं. पण बूट नवे होते, आणि तो चिखलात फार आत होता.

रस्ता महिन्याभरात खचला तेव्हा चौकशी लागली. वरून मला खलिता आला की पाया का खणला नाही याचा खुलासा करावा. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ लेखन केलं, पण इतकं नेमकं दुसरं काही लिहिलं नाही. मी लिहिलं की पाया खणण्याची तोंडी सूचना मुकादमास वेळोवेळी दिली होती, त्यानं ती पाळली नाही, आणि नवीन असल्यामुळे माझी देखरेख अपुरी पडली. शेवटचं वाक्य मी प्रामाणिकपणाची चव यावी म्हणून घातलं होतं. त्यावर मुकादमाचा अंगठा हवा होता.

चिंधा आला. वाचा, म्हणाला नाही. पण कागदाकडे बघत थांबला, म्हणून मी वाचून दाखवलं. काही शब्द गाळून वाचले असते तरी त्याला कळलं नसतं. मी सगळे वाचले. ते धैर्य होतं की निर्लज्जपणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तो ऐकत होता. मी थांबल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "त्याम्हा गोजरनं नाव नही ना?"

"नाही."

"मंग ठीक शे."

त्यानं अंगठा उमटवला, आणि शाई बंडीला पुसली. आठ दिवसांत त्याला कामावरून काढल्याचा हुकूम आला. मी कायम झालो. त्याच हिवाळ्यात गोजरच्या सासरच्यांनी दुसरी सून आणली. तो निरोप चिंधाला बाजारात कुणीतरी सांगितला, घरी येऊन सांगण्याची तसदीही त्यांनी घेतली नाही. बाप-लेक घर सोडून कुठेतरी डोंगराकडे कामाला गेले, एवढं मला कळलं. नंतरच्या ओव्हरसियरनं मधली चाळीस पावलं दोन हात खणून भरली. कडेला रचून ठेवलेले दगड त्याला आयतेच मिळाले.

पुढे सात-आठ वर्षं गेली. लढाईचे दिवस होते. माझी बदली धडगावच्या बाजूला झाली होती आणि हुद्दाही वाढला होता. खात्याची एक जुनी मोटार मला मिळाली होती. घाटातून चढत असताना एका वळणावर रस्त्यावर आडवा दोर बांधलेला दिसला. दोराशी एक बाई हातोडीनं खडी फोडत बसली होती. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. ती उठली नाही.

"पुढे ओला रस्ता शे," ती म्हणाली. "आजना दिन गाडी जावानी नही."

"साहेब आहेत मोटारीत," ड्रायव्हर म्हणाला.

"आप्पा सांगस, साहेब असो का कोनी असो." मग तिला वाटलं असावं, आपण जरा जास्त बोललो. ती पदर सारखा करत उठली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही कोन शेतस? नाव सांगा, आप्पाले इचारसू."

मी तिचा चेहरा कधी पाहिला नव्हता. तरी ओळखायला काही लागलं नाही. पंचविशी-तिशीची असेल. हातांवर खडीच्या कपच्यांचे बारीक पांढरे डाग पडले होते. तिच्या खांद्यावरून पलीकडे, तीसेक पावलांवर, एक म्हातारा पाठमोरा वाकून नव्या थरावर पखालीनं पाणी सोडत होता. वेळूची काठी त्यानं बगलेत धरली होती. शेजारी दुसरा एक मुकादम बिडी ओढत उभा होता. म्हणजे हा आता मुकादमही नव्हता, साधा मजूर होता.

तीस पावलं. मी मनात मोजली. बूट जुने होते, चिखल नव्हता, कुणी बघत नव्हतं.

"नाव कशाला," मी म्हणालो. "चालत जातो मी."

मोटार मागे वळवायला सांगून मी उतरलो. नव्या कामावर पाय पडू नये म्हणून कडेच्या चरात उतरलो आणि चालू लागलो. चर खोल होता, तळाशी ओला गारा होता. चिंधाच्या बाजूला आलो तेव्हा तो माझ्या डोक्यापेक्षा वर, रस्त्याच्या पाठीवर उभा होता. मी टोपी पुढे ओढून घेतली. पाणी सोडता सोडता त्यानं खाली पाहिलं. चरातून कुणी वाटसरू चालला आहे एवढंच त्याला दिसलं असणार. डोळे अधू झाले होते बहुतेक, कारण तो हाताचा आडोसा करून बघत होता.

"कडेकडेनी चाला, भाऊ," तो वरून म्हणाला. "तठे पाय घसरस."

मी मान हलवली आणि त्यानं सांगितल्याप्रमाणे कडेकडेनं चालत राहिलो, वळण संपेपर्यंत.